सरांच्या प्रोग्रामातल्या भिंती

सर माझ्या लॅबच्या दारात आले तेव्हा मी एका संगणकाला शिव्या देत होते. सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी संगणक शिकवते, आणि माझ्या नाकावर कायम राग असतो हे तिथल्या शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. सर पूर्वी याच कॉलेजात सिव्हिलच्या मुलांना पाण्याचा विषय शिकवायचे. मी विद्यार्थिनी होते तेव्हा मला पहिला प्रोग्राम लिहायला त्यांनीच शिकवलं, कारण त्या काळात आमच्याकडे संगणकातलं कळणारे ते एकटेच होते. आता निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. माझ्या शिव्या संपेपर्यंत ते शांतपणे उभे राहिले आणि म्हणाले, "झालं का? मग माजं एक काम हाय."

सर सांगोल्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. मोठमोठ्या लोकांसमोर त्यांनी इंग्रजीत व्याख्यानं दिली, पण मराठी बोलायचे ते घरचंच. वर्गात आम्ही शहरातली पोरं तोंड लपवून हसायचो. त्यांना ते दिसायचं, आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही.

काम असं होतं. ऐन उमेदीत त्यांनी एक प्रोग्राम लिहिला होता, जमिनीखालचं पाणी कुठून कुठं सरकतं त्याचा हिशेब करणारा. सगळ्या मुलखाचे छोटे छोटे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनातलं पाणी उद्या किती असेल, हे आज त्याच्यात किती आहे, पाऊस किती मुरला, विहिरींनी किती उपसलं आणि शेजारच्या चौकोनांकडून किती झिरपून आलं यावरून काढायचं. असं एकेक दिवस पुढं जायचं. त्यासाठी सर मोटारसायकलवर मोजपट्टी टाकून वर्षानुवर्षं विहिरी धुंडाळत हिंडले होते. पण तेव्हाच्या संगणकाची मेमरी एवढीशी. आख्खा जिल्हा तिच्यात मावेना. मग त्यांनी एकेक तालुका वेगळा घेतला, आणि तालुक्याच्या हद्दीवर भिंत आहे असं धरून चालले. म्हणजे मोहोळच्या हद्दीपाशी आलेलं पाणी तिथंच थांबलं, पलीकडं गेलंच नाही, असा हिशेब.

"पान्याला तालुका कुटं म्हाईत असतोय?" सर म्हणाले. "खोट्या हायेत त्या भिंती. मला लिवतानाच ठाव हुतं. पन जागाच न्हवती."

आता संगणक मोठे झाले, पण सरांचे चौकोनही बारीक झाले होते. एकेका शेताएवढा चौकोन, आणि खाली खडकापर्यंतचे थर. ते एका यंत्रात मावत नव्हतं, आणि मावलं असतं तरी उत्तर यायला वर्षं लागली असती. तेवढी वर्षं सरांकडे नव्हती. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. एका डोळ्याने जवळजवळ दगा दिला होता आणि दुसराही त्याच वाटेला लागला होता. डॉक्टर डोळ्यात इंजेक्शनं देत होते, पण त्यांनी वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही, असं स्वच्छ सांगितलं होतं.

"एकदा सगळा नकाशा बिनभिंतीचा बगायचा हाय," सर म्हणाले. "डोळं हायेत तवर. तुज्याकडं म्हनं कायतरी यंत्र हाय, आपलं आपन वाटनी करतंय."

ते खरं होतं. माझी सगळी उमेद मी त्यातच घातली होती. आमच्या लॅबमध्ये टाकाऊ ठरलेले जुने संगणक मी ढिगाने जमवले होते आणि तारांनी एकमेकांना जोडले होते. असे संगणक मिळून मोठं काम करू शकतात, पण त्यात एक मोठी अडचण असते. प्रत्येकाची मेमरी त्याची स्वतःची. शेजारच्याच्या मेमरीत काय आहे ते याला दिसत नाही. हवं असेल तर मागावं लागतं, आणि त्याने निरोप पाठवावा लागतो. कुणी काय करायचं, कुणाला कधी काय पाठवायचं, हे सगळं माणसाने हाताने लिहायचं म्हणजे जीव जातो. तरुणपणी मी असा एक प्रोग्राम लिहिला होता. सगळी यंत्रं सुरू केली आणि सगळी गप्प. प्रत्येक यंत्र शेजाऱ्याच्या निरोपाची वाट बघत बसलं होतं आणि निरोप कुणीच पाठवत नव्हतं. आमच्याकडच्या लग्नात दोन्हीकडचे मानकरी बोलावणं येईपर्यंत जागचे हलत नाहीत आणि अक्षता हातात तशाच राहतात, तसली गत.

तेव्हापासून मी ठरवलं की हे माणसाचं काम नाही. मी एक साधन लिहायला घेतलं. एका संगणकासाठी लिहिलेला साधा प्रोग्राम त्याच्यापुढे टाकायचा. तो वाचून, कुठलं काम कशावर अवलंबून आहे ते शोधून, डेटा कसा वाटायचा हे ठरवून, निरोपांसकट अनेक संगणकांचा नवा प्रोग्राम त्याने स्वतः लिहून द्यायचा. मुलांच्या छोट्या छोट्या प्रोग्रामांवर ते छान चालत होतं. त्यामुळे मी तोऱ्यात होते.

"सर, यात काय! तुमचा प्रोग्राम द्या. एका ओळीला हात लावावा लागणार नाही," मी म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सरांनी पेन ड्राइव्ह दिला. आत फोरट्रान नावाच्या जुन्या भाषेतला, त्यांच्याच हातचा प्रोग्राम होता. मी तो साधनाला दिला, आणि साधनाने बाकी सगळं वाचून मुख्य गणितापाशी येऊन सरळ नकार दिला. वाटणी शक्य नाही. इथलं प्रत्येक काम आधीच्या कामावर अवलंबून आहे, म्हणे. मी साधनाला शिव्या दिल्या, मग सरांना मनातल्या मनात दिल्या, आणि मग प्रोग्राम नीट वाचायला बसले. घोडं कुठं पेंड खातंय ते कळेना. एकच भलीमोठी सारणी, म्हणजे आकड्यांचा तक्ता, होती आणि सगळं काही तिच्यातच चाललं होतं. शेवटी मी सरांच्या घरी गेले.

त्या दिवशी त्यांच्या भागात नळाला पाणी येणार होतं. सोलापुरात पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरात दुसरं काही सुचत नाही. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पिंप, हंडे, बादल्या भरण्यात गुंतल्या होत्या. सर बाजूला खुर्चीवर बसून भांडं किती भरलं ते आवाजावरून सांगत होते. "भरत आलं," असं त्यांनी म्हटलं की काकू पाइप काढून पुढच्या भांड्यात टाकायच्या.

मी विचारलं, "सर, त्या मोठ्या सारणीत तुम्ही ठेवलंय तरी काय? कधी पाऊस दिसतो, कधी उपसा, कधी पातळी."

"तिन्ही हाय की," सर म्हणाले. "आदी पाऊस. त्यो मुरवून झाला की त्याची गरज संपली, मग त्याच जागंवर उपसा. त्यो वजा झाला की तितंच पातळी. मेमरी काय वाटंवर पडली हुती का त्या वक्ताला?"

काकू पाइप धरूनच हसल्या. "घरात तरी काय येगळं चालतंय? भाजी धुतलेलं पानी भांड्याला, भांड्याचं पानी झाडाला. ह्यांनी माज्याकडनंच उचललंय ते."

जिल्ह्याचा पाऊस, जिल्ह्याच्या विहिरी, जिल्ह्याची पातळी, सगळं त्यांनी एकाच जागेत फिरवून वापरलं होतं, आणि एकही आकडा दुसऱ्यात मिसळू दिला नव्हता. वापर संपला रे संपला की जागा मोकळी. इतकी काटकसर मी कुठल्याच प्रोग्रामात पाहिलेली नाही. दुष्काळी मुलखातल्या माणसालाच ती सुचावी. पण तीच नडत होती. साधनाला दिसायचं ते इतकंच, की एका जागेवर पुनःपुन्हा लिहिलं जातंय. त्यामुळे त्याला वाटायचं की नंतरचं सगळं आधीच्यावर टेकलेलं आहे, आणि ते कामाला हात घालायला घाबरायचं. बिचाऱ्याचं चुकत नव्हतं.

उपाय सोपा होता. एका सारणीच्या तीन करायच्या. मी म्हणाले, "सर, दुपारभराचं काम आहे. मी बदलून घेते."

"न्हाय."

"अहो सर, नुसती नावं बदलायची आहेत."

"माज्या प्रोग्रामाला कुनी हात लावायचा न्हाय. तू म्हनलीस यंत्र आपलं आपन करतंय. मग करू दे की. तू हातानं बदललंस तर त्यो तुजा प्रोग्राम झाला. मला माजा पळालेला बगायचाय."

माझा पारा चढला. डोळे जायला लागलेत आणि हे सोवळं पाळत बसलेत, असं मी बोलूनही गेले. काकूंनी पाइप खाली टाकला. सर नुसते हसले आणि म्हणाले, "पोरी, तुजं नरडं लई मोटं हाय. जा, काम कर."

मी तणतणत घरी आले. दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. मग राग उतरला तेव्हा लक्षात आलं की सरांचं बरोबर आहे. असे जुने, काटकसरीने लिहिलेले प्रोग्राम जगात ठिकठिकाणी पडून असतील. प्रत्येकाला हाताने दुरुस्त करायचं असेल तर माझ्या साधनाचा उपयोग काय? बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. साधनालाच हे शिकवायला हवं होतं. एखादा आकडा कुठे जन्मतो, शेवटचा कुठे वापरला जातो आणि त्यानंतर त्याच जागेवर आलेला आकडा त्याचा कुणी लागत नाही, हे त्याने स्वतः ओळखायचं.

सांगायला सोपं आहे. पावसाळा गेला, हिवाळा गेला, मी त्याच एका गोष्टीवर अडून होते. एक जमलं की दुसरं बिघडायचं. कधी साधन इतकं धीट व्हायचं की खरंच एकमेकांवर टेकलेली कामंही तोडायचं आणि उत्तर चुकायचं. कधी पुन्हा भित्रं व्हायचं. दरम्यान सरांची इंजेक्शनं चालू होती. एक दिवस काकूंचा फोन आला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांनी आज च्या बशीत वतायचा त्यो भायेर वतला. आन् मला कळू नये म्हनून हातानं पुसला. मी बगितलं न्हाय असं दावलं." फोन ठेवून मी पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा कामाला बसले.

एप्रिलच्या शेवटी परीक्षा संपल्या आणि लॅब रिकामी झाली. बाहेर ऊन असं, की रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. भर दुपारी मी सरांचा प्रोग्राम, जसा होता तसा, पुन्हा एकदा साधनापुढे टाकला. सवयीने शिव्या तोंडात तयार ठेवल्या होत्या. मग पडद्यावर नवा प्रोग्राम येऊ लागला. ओळींमागून ओळी, ओळींमागून ओळी. सारणीच्या तीन झाल्या होत्या. पाऊस वेगळा, उपसा वेगळा, पातळी वेगळी. नावं त्याने स्वतःचीच दिली होती, दगडासारखी ओबडधोबड. पण सरांनी जे एका जागेत कोंबलं होतं, ते त्याने न सांडता वेगळं केलं होतं.

मी वाचत गेले. त्याने जिल्ह्याचे तुकडे पाडून यंत्रांना वाटले होते. प्रत्येक यंत्राला त्याच्या तुकड्याबरोबर शेजाऱ्याच्या कडेची एक पातळ पट्टी दिली होती, हद्दीपलीकडचं पाणी किती आहे ते कळावं म्हणून. रोज ती पट्टी ताजी करायची. इथवर मी शिकवलेलंच होतं. पण पुढे मी थांबले. प्रत्येक यंत्र आधी आपल्या कडेचे चौकोन उरकत होतं, ते शेजाऱ्याला पाठवत होतं, आणि निरोप वाटेत असतानाच आपल्या मधल्या चौकोनांचं काम करत होतं. मधलं संपेपर्यंत शेजाऱ्याचा निरोप आलेला असायचा. कुणी कुणासाठी रिकामं बसत नव्हतं.

हे मी त्याला सांगितलं नव्हतं. कामाचा क्रम कधी बदलता येतो याचा एक नियम मी लिहिला होता, आणि निरोप लवकरात लवकर पाठवावा असा दुसरा. दोन्ही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कारणांनी लिहिलेले. ते एकत्र आले तर असं काही निघेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी एकटीच होते, तरी उठून उभी राहिले. देवळात उभं राहावं तशी मी त्या पडद्यासमोर उभी होते, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मग खात्री. आधी एकच तालुका घेतला, सरांचा मूळ प्रोग्राम एका यंत्रावर चालवला आणि नवा सगळ्या यंत्रांवर. उत्तरं तंतोतंत जुळली. मी एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग एका तालुक्याऐवजी आख्ख्या जिल्ह्याचे आकडे चढवले, म्हणजे मधल्या भिंती आपोआपच गेल्या. जुन्या यंत्रांचे पंखे घरघरायला लागले. वीज जाऊ नये म्हणून मी नवससुद्धा बोलले.

काही दिवसांनी एका सकाळी उत्तर तयार होतं. मी काकूंना फोन केला आणि त्या रिक्षाने सरांना घेऊन आल्या. मधल्या महिन्यांत सरांचा दुसरा डोळाही बराच गेला होता. काकूंनी त्यांचा दंड धरला होता आणि ते पायरी चाचपत वर आले. मी खिडक्यांचे पडदे ओढले आणि नकाशा भिंतीवर पाडला. जिथं पाणी वर आहे तिथं गडद निळा, खोल गेलंय तिथं पिवळा.

सर समोर बघत उभे राहिले. नजर कुठंच थांबत नव्हती. मला वाटलं, उशीर झाला.

"मदी समदं धूर धूर हाय," सर म्हणाले. मग त्यांनी मान वळवली, चेहरा दाराकडे केला, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून नकाशाकडे बघितलं. "थांब. असं दिसतंय. कडंनं दिसतंय."

ते तसेच तोंड फिरवून भिंतीच्या जवळ गेले. मला म्हणाले, "सांगोला आन् मंगळवेढ्याची शीव कुटं हाय? माजं बोट ठेव."

मी त्यांचं बोट धरून हद्दीवर ठेवलं. ते बोट त्यांनी हद्दीवरून हळूहळू खाली नेलं, मान तशीच तिरकी ठेवून. बोटाच्या अलीकडे आणि पलीकडे निळा तोच होता. कुठंही तुटलेला नव्हता. खाली एका जागी तो हद्द ओलांडून पलीकडच्या तालुक्यात लांबवर पसरत गेला होता.

"गेलं की गं पलीकडं," सर म्हणाले. "बग, कसं गेलंय. मी हितं भिंत घातली हुती."

काकूंनी डोळ्याला पदर लावला. मीही रडले, आणि मी रडतेय हे मला लपवावंसं वाटलं नाही. आम्ही तिघं त्या अंधाऱ्या लॅबमध्ये नकाशासमोर उभे होतो. जमिनीखालचं पाणी कुणी कधी बघितलेलं नसतं. सरांनी ते जन्मभर मोजलं होतं, आणि आता ते समोर होतं.

मग सर खुर्चीवर बसले. काकूंनी पाण्याची बाटली पुढे केली. ती हातात धरून ते म्हणाले, "ह्यो नवा प्रोग्राम कुनी लिवला?"

"कुणीच नाही सर. तुमच्या प्रोग्रामातून साधनाने लिहिला. मी एक ओळ बदलली नाही."

"खरं?"

"तुमची शपथ."

"मग वाचून दाव. मला आता वाचता येत न्हाय."

"सर, हजारो ओळी आहेत. यंत्राच्या भाषेतली नावं आहेत, तुम्हाला त्यात काही ओळखू येणार नाही."

"वाच तू."

मी नकाशा बंद केला, प्रोग्राम उघडला आणि मोठ्याने वाचायला लागले. कुठल्या यंत्राला कुठला तुकडा, कुणाकडे कुठली पट्टी, निरोप पाठव, निरोप घे. सर डोळे मिटून ऐकत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. मला वाटलं, कंटाळले. काकू मला खुणेने सांगत होत्या की पुरे आता. मी थोडं गाळून पुढे जावं म्हणून पान खाली सरकवलं आणि मुख्य गणितापाशी आले. पहिली ओळ वाचायला सुरुवात केली.

सरांनी हात वर केला. डोळे मिटलेलेच. मी थांबले, आणि उरलेली ओळ त्यांनी म्हटली. शेजारी कोण कोण, त्यांच्यातून वजा काय, भागायचं कशाने, सगळं. मी पडद्यावर बोट ठेवून ऐकत गेले. पडद्यावरची नावं तेवढी यंत्राची होती, बाकी एकही चिन्ह इकडचं तिकडं नव्हतं. पुढची ओळही त्यांनी म्हटली. मग तिच्यापुढची. मी वाचायचं सोडून दिलं, आणि सर म्हणत राहिले.